ओठ कुणाचे, गोष्ट कुणाची?

वाचकांचे प्रश्न : इंडी म्युझिक व्हिडिओ बारकाईने कसा बघायचा

मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, बँडने किंवा एकट्या गायकाने स्वतः उभे केलेले व्हिडिओ हा या वेळचा विषय. विचारणाऱ्यांत माध्यमशाखेचे विद्यार्थी आहेत, बँडमध्ये वाजवणारे आहेत आणि नुसते मन लावून बघणारेही आहेत.

प्रश्न : वर्गात एका व्हिडिओचं विश्लेषण लिहायला सांगितलं आहे. मी लिहायला बसले की त्यातली गोष्टच सांगून होते आणि शेवटी ‘दृश्यं प्रभावी आहेत’ असं वाक्य येतं. सरांनी वही परत दिली. नेमकं बघायचं तरी काय?
— विद्यार्थिनी, पुणे

आधी मोजणी करा, अर्थ मागाहून लावा. हा क्रम उलटा झाला की तुमच्यासारखीच वही तयार होते.

व्हिडिओ पहिल्यांदा काहीही न लिहिता बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. तिसऱ्यांदा पडदा झाकून फक्त ऐका आणि कागदावर गाण्याचा आराखडा काढा : सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा किती सेकंदांचा, पहिलं कडवं कुठे सुरू होतं, कोरस म्हणजे ध्रुवपद कितीदा येतं, चाल बदलणारा ब्रिज कुठे आहे. हे झाल्यावरच तक्ता करायला बसा. प्रत्येक शॉटला, म्हणजे दोन कटांमधल्या सलग तुकड्याला, एक ओळ आणि सात रकाने : शॉट सुरू होण्याची वेळ, गाण्याचा भाग, लांबचा-मध्यम-जवळचा यापैकी कोणता, चौकटीत कोण, ओठ हलतात का, नजर कुठे, आणि पुढचा कट ठोक्यावर पडतो की ठोक्याबाहेर. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची किंवा पूर्णविरामाची कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, मागे-पुढे सरकतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ एक फ्रेम पुढे नेते. साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओला दोन-तीन तास सहज लागतात, आणि ते द्यायलाच हवेत.

आता आकडे वाचायचे कसे, ते एका कल्पित व्हिडिओवर बघू. गाणं ३ मिनिटं ३० सेकंदांचं, म्हणजे २१० सेकंदांचं आहे आणि शॉट ८४ निघाले. सरासरी अडीच सेकंद. गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोके असेल तर एक ठोका ०.६२५ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचा एक बार बरोबर अडीच सेकंदांचा. म्हणजे संकलकाने सरासरी दर बारला एक कट दिला. पण सरासरीवर थांबू नका, भाग वेगळे करा. सोळा बारचं पहिलं कडवं ४० सेकंदांचं आहे आणि त्यात फक्त आठ शॉट आहेत. आठ बारचा कोरस २० सेकंदांचा आहे आणि त्यात सोळा. कडव्यात दोन बारला एक कट, कोरसमध्ये दोन ठोक्यांना एक.

‘कोरसमध्ये संकलन जलद होतं’ एवढं लिहून मात्र गुण मिळणार नाहीत, कारण बहुतेक व्हिडिओंत तसंच होतं. तक्त्यात नियम कुठे मोडला ते शोधा. समजा, दुसऱ्या कोरसमध्ये गाणं चढलेलं असताना एकच जवळचा शॉट वीसच्या वीस सेकंद चालला. तुमचा निबंध तिथून सुरू होतो. त्या वीस सेकंदांत कुणाचा चेहरा आहे? ओठ हलतात का? नजर कॅमेऱ्यात आहे की चौकटीबाहेर? आणि तो शॉट अखेर कुठे तुटतो, समेवर की शब्दाच्या मध्यात? या चार प्रश्नांची उत्तरं हाती आली की ‘प्रभावी’ हा शब्द लिहायची गरजच उरत नाही.

कट ठोक्यावर आहे की नाही हे ठरवताना एक-दोन फ्रेमची सूट द्या. नवं चित्र डोळ्याला पटायला क्षणभर लागतो म्हणून अनेक संकलक कट ठोक्याच्या किंचित आधी ठेवतात. आणि हे काम वायरच्या हेडफोनवर करा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशिरा पोहोचू शकतो. मग सगळेच कट ठोक्याआधी वाटतात आणि पूर्ण तक्ता चुकतो.

प्रश्न : ‘परफॉर्मन्स व्हिडिओ’ आणि ‘गोष्टीचा व्हिडिओ’ असे दोन प्रकार पुस्तकात दिले आहेत. पण गायकच गोष्टीतलं पात्र असेल तर तो व्हिडिओ कोणत्या खान्यात टाकायचा?
— वाचक, नाशिक

खाने सोडून द्या, प्रत्येक शॉटमध्ये गायक कोण आहे ते विचारा. तो तीनपैकी एका जागी असतो. मंचावर किंवा वाद्यासोबत गाणारा गायक म्हणून. गोष्टीत वावरणारं पात्र म्हणून, ज्याला आपण एका गाण्यात आहोत याचा पत्ताच नसतो. किंवा निवेदक म्हणून, जो घटनेच्या जागी उभा राहून आपल्याकडे बघत गातो, पण त्याच्या मागची माणसं त्याला बघत नाहीत. या जागा बदलतात कुठे, हे खरं बघायचं. पात्र म्हणून भांडी घासणारी बाई ब्रिजच्या पहिल्या ओळीला मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत गाऊ लागते, तेव्हा त्या एका शॉटमध्ये ती पात्राची निवेदक होते. गोष्ट आता तिच्या ताब्यात आली. असा क्षण बहुतेक व्हिडिओंत एखादाच असतो आणि दिग्दर्शकाने तो फार विचार करून ठेवलेला असतो.

सादरीकरण तपासताना ओठांच्या पलीकडे जा. खरा आवाज लावून गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणतात, ओळीआधी खांदे किंवा छाती हलते, लांब स्वराच्या शेवटी हनुवटी थरथरते. नुसते ओठ हलवणाऱ्याचा श्वास दिसतच नाही. म्हणून जाणते दिग्दर्शक, आवाज वापरायचा नसला तरी, सेटवर गायकाला मोठ्याने गायला लावतात. तसंच वाद्यांचं. चित्रात झांजेवर काठी पडते आणि ध्वनीत झांज नाही. गिटारला केबलच नाही. सोलो ऐकू येतो उंच स्वरांचा आणि हात मात्र गिटारच्या डोक्याकडच्या पट्ट्यांवर. अशा विसंगती लगेच चुका म्हणून नोंदवू नका. ती एकदाच दिसली तर निष्काळजीपणा असू शकतो. पूर्ण व्हिडिओभर बिनकेबलचं वाद्य वाळवंटात वाजत असेल तर ‘हे गाणं इथे घडत नाही’ असंच तो व्हिडिओ सांगतो आहे.

मराठी प्रेक्षकाला यासाठी डोळा बाहेरून आणावा लागत नाही. बैठकीच्या लावणीत कलावंत बसूनच एकच ओळ पुन्हापुन्हा गाते आणि दर फेरीला नजर, भुवई, हाताची अदा बदलून त्याच शब्दांतून वेगळा भाव काढते. म्युझिक व्हिडिओत कोरस तीनदा येतो तेव्हा हेच बघा : तेच शब्द, पण या वेळी चेहऱ्यावर काय बदललं? काहीच बदललं नसेल तर तीनही कोरस एकाच टेकमधून, म्हणजे एकदाच केलेल्या चित्रणातून, कापले असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : काही व्हिडिओंत सगळं संथ चालतं, केस हळू उडतात, पाणी हळू पडतं, पण गायकाचे ओठ मात्र गाण्याबरोबर अचूक हलतात. हे संगणकावर करतात का?
— वाचक, कोल्हापूर

नाही, हे चित्रीकरणाच्या वेळीच होतं. अंतिम व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल, तर कॅमेरा ५० फ्रेमवर लावतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. गायक दुप्पट वेगाने ओठ हलवतो. ते चित्रण २५ फ्रेमच्या वेगाने चालवलं की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि बाकी सगळं जग निम्म्या वेगाने चालतं. कमी मंद हवं असेल तर गाणं दीडपट आणि कॅमेरा ३७.५ फ्रेम. उलटंही करता येतं : गाणं निम्म्या वेगाने आणि कॅमेरा १२.५ फ्रेमवर लावला की गायक शांतपणे गातो आणि मागची गर्दी धावते.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, पाठांतर. दुप्पट वेगात जोडाक्षरं तोंडात अडकतात, ओठ पूर्ण मिटत नाहीत, आणि मंद केल्यावर प, ब, म यांसारखे ओठ मिटणारे वर्ण उघडेच दिसतात. जलद रॅपला ही युक्ती म्हणूनच सहसा वापरत नाहीत. दुसरं, दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे मुख्य विजेवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. ६० फ्रेम आणि १/१२० शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा तेवढाच भाग प्रकाश) लावलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ५० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवलं की ते जातात. तिसरं, भाव. दुप्पट वेगाने गाताना चेहरा उत्तेजित होतो आणि गाणं दुःखी असेल तर तो ताण पडद्यावर राहतो.

याच तंत्राचा नेमका उपयोग रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या ‘नो सर्प्रायझेस’ (१९९८) या व्हिडिओत आहे. त्याचे दिग्दर्शक ग्रँट जी हे आहेत. गायकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटात पाणी चढत जातं आणि तो बराच वेळ बुडलेला दिसतो. बुडण्याचा तो भाग जास्त वेगाने चित्रित करून मंद केला, त्यामुळे प्रत्यक्षात श्वास त्यापेक्षा कमी वेळ रोखावा लागला. बँड तेव्हा मोठ्या कंपनीकडे होता, पण या तंत्रावर निबंध लिहायचा तर हा व्हिडिओ टाळता येत नाही.

प्रश्न : ‘एकाच टेकमध्ये घेतला आहे’ यापुढे सलग शॉटच्या व्हिडिओबद्दल काय लिहावं?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कापता येत नसताना लक्ष कशाने वळवलं ते लिहा. एरवी कट जे काम करतो ते इथे माणसांच्या हालचालीला करावं लागतं.

ओके गो या अमेरिकी बँडचा ‘हिअर इट गोज अगेन’ (२००६) घ्या. चार माणसं, आठ ट्रेडमिल, एका जागी ठेवलेला कॅमेरा, कापाकाप नाही. नृत्यरचना गायकाची बहीण ट्रिश सी हिची. कॅमेरा जवळ जात नाही आणि वळतही नाही, म्हणून कोणाकडे बघायचं हे पट्ट्यांच्या दिशेने ठरतं : एक जण स्थिर उभा राहूनही मागे सरकतो आणि दुसरा चालत असूनही जागेवरच राहतो. हे कागदावर काढून बघा. आठ पट्टे रेखाटा, दर आठ बारला कोण कुठल्या पट्ट्यावर आहे आणि पट्टा कुठल्या दिशेला चालतो ते लिहा. कोरसला माणसांची मांडणी बदलते का ते या चित्रात दिसेल. या व्हिडिओला २००७चं ग्रॅमी मिळालं. तेव्हा बँड मोठ्या कंपनीकडे होता. २०१०मध्ये बाहेर पडून त्यांनी स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी, काढलं. पण साधनांची काटकसर २००६च्या व्हिडिओतही पूर्ण इंडीच आहे, म्हणून वर्गीकरण करताना लेबलच्या नावाइतकंच निर्मितीच्या पद्धतीकडे बघा.

सलग घेतलेलं आणि सलग दिसणारं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. याच बँडचा ‘अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट’ (२०१६) विमानात, भारहीन अवस्थेत चित्रित झाला. अशा उड्डाणात भारहीनता एका वेळी सुमारे २७ सेकंदच मिळते आणि मग विमानाला पुन्हा वर चढावं लागतं. ती मधली मिनिटं काढून टाकून तुकडे असे जोडले आहेत की बघणाऱ्याला सलगच वाटतं. इतर व्हिडिओंत लपवलेला जोड शोधायचा तर तीन जागा तपासा : कॅमेरा झटक्याने वळून चित्र पुसट होतं तिथे, कुणाची पाठ पूर्ण चौकट झाकते तिथे, आणि काळोखातून जाताना. तिथे एकेक फ्रेम सरकवून सावलीची दिशा बघा. सावली उडी मारत असेल तर तिथे जोड आहे.

प्रश्न : गाण्याचे शब्द एक आणि व्हिडिओत दिसतं भलतंच. याला चांगलं म्हणायचं का?
— वाचक, पणजी

शब्द आणि चित्र यांच्या नात्याची तीन रूपं अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२च्या पुस्तकात मांडली : चित्र शब्दांचंच चित्रण करतं, शब्दांत नसलेली भर घालतं, किंवा शब्दांपासून फारकत घेतं. फारकत हा दोष नाही, पण ती टिकवावी लागते. मधूनच एका ओळीला शब्दशः चित्र दाखवलं, म्हणजे ‘पाऊस’ म्हटल्यावर पाऊसच, की बघणारा पुढच्या प्रत्येक शब्दाला चित्र शोधू लागतो आणि व्हिडिओ तुटक वाटतो.

भर घालण्याचं उत्तम उदाहरण गायक प्रतीक कुहाड यांच्या ‘कसूर’चा २०२०मधला, दार गाई यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ. तो टाळेबंदीत बनला. प्रेमाबद्दलचे प्रश्न ऐकताना लोकांच्या चेहऱ्यांवर जे उमटतं, त्यावरच तो उभा आहे. गोष्ट म्हणावी तर एकही सांगितली जात नाही. तरी डोळे मिटणं, ओठ दाबणं, हसू आवरणं एवढ्यावर बघणारा प्रत्येक चेहऱ्यामागे एक गोष्ट स्वतःच रचतो. इथे शब्द ऐकवणारे ओठ नाहीत, ऐकणारे चेहरे आहेत, आणि विश्लेषणात हा बदल पहिल्या ओळीत यायला हवा.

चौथीही एक शक्यता आम्ही धरतो : गाणं ज्याच्याबद्दल आहे तोच गाऊ लागतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप समूहाच्या ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये (२०१९) आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गातात. रॅपर आदिवासींबद्दल बोलतो तेव्हा तो निवेदक असतो. भोईर गातात तेव्हा ती साक्ष होते. त्यामुळे त्यांच्या ओळींवर कॅमेरा किती वेळ, किती अंतरावर थांबतो, हे बाकी कुठल्याही तंत्रापेक्षा आधी नोंदवा.

प्रश्न : आमच्या बँडने फोनवर व्हिडिओ केला. अर्धा बँड वाजवताना, अर्धी गोष्ट. बघणारे म्हणतात, गोष्ट कळलीच नाही. शिवाय शेवटाकडे ओठ गाण्याला सोडून जातात. कुठे चुकलं?
— एक बँड, ठाणे

ओठांचं आधी. अनेक फोन सेकंदाला ठरल्या संख्येने फ्रेम घेत नाहीत, प्रकाशानुसार संख्या कमी-जास्त होते. दहा सेकंदांच्या तुकड्यात ते कळत नाही, चार मिनिटांच्या टेकमध्ये मात्र ओठ सरकतात. फ्रेमची संख्या २५ला बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरा. चित्रण झालेलंच असेल तर संकलनाआधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमची फाइल करून घ्या. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला खुपतो. मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका बाजूला तुम्हाला जेमतेम एका फ्रेमची मुभा आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सेटवरचा स्पीकर गायकाजवळ आणि कॅमेरा लांब, असं होतं का? आवाज एका फ्रेमच्या वेळात साधारण १४ मीटर जातो. कॅमेरा २८ मीटरवर असेल तर त्याच्या माइकमध्ये गाणं दोन फ्रेम उशिरा येतं. तो आवाज मूळ गाण्याशी जुळवला की ओठ दोन फ्रेम आधी हलताना दिसतात. लांबच्या शॉटमध्ये जुळवणी झाल्यावर चित्र हाताने तेवढं पुढे, म्हणजे उशिराच्या बाजूला, सरकवा. पुढच्या वेळी गाण्याच्या फाइलला सुरुवातीला दोन बारचे ठोके जोडा आणि प्रत्येक टेकआधी चौकटीत टाळी वाजवा.

आता गोष्ट. चार मिनिटांच्या गाण्यात अर्धा वेळ बँडला दिला की गोष्टीला दोन मिनिटं उरतात, आणि त्याही तुकड्यातुकड्यांत. एवढ्यात एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि तीन बदल मावतात, त्यापलीकडे नाही. बहुतेक फसलेल्या व्हिडिओंत गोष्टीच्या नावाखाली फक्त मनःस्थिती असते : खिडकीत बसणं, समुद्राकडे बघणं, लोकलच्या दारात उभं राहणं. त्यात आधी-नंतर काही नसल्यामुळे शॉटांचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही. हीच चाचणी करा. फक्त गोष्टीचे शॉट एकामागून एक जोडा, आवाज बंद करा, आणि गाणं न ऐकलेल्या माणसाला दाखवा. ‘काय बदललं?’ एवढंच विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दोष संकलनात नाही, पटकथेत आहे.

सांगता आलं, पण पूर्ण व्हिडिओत कळत नसेल, तर दोष विणण्यात आहे. तीन सेकंद गोष्ट, वीस सेकंद बँड, पुन्हा तीन सेकंद गोष्ट, अशा मांडणीत बघणारा पात्र विसरतो. पहिले तीन-चार शॉट गोष्टीलाच द्या, सलग दहा-बारा सेकंद. प्रत्येक वेळी गोष्टीत परतताना आधी तीच ओळखीची वस्तू किंवा तोच रंग दाखवा, चेहरा नंतर. फोनच्या पडद्यावर लांबून दोन चेहरे सारखेच दिसतात, पिवळा शर्ट मात्र ओळखू येतो. महत्त्वाचा बदल ब्रिजवर ठेवा, कारण चाल तिथे वळते आणि कान जागा असतो. बँडचे पूर्ण गाण्याचे लांब, मध्यम आणि जवळचे असे निदान दोन-दोन टेक घ्या. नाहीतर पोकळी भरायला गोष्टीचे शॉट नको तिथे टाकावे लागतात, आणि तुमच्या व्हिडिओत तसं झाल्याची दाट शक्यता आहे.

साधनांची फार चिंता करू नका. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत!’ (२०१४) आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच केला. तो चालतो कारण तिथे दुसरी गोष्ट घुसवलेलीच नाही. रॅपर, त्याची वस्ती आणि त्याची कॅमेऱ्यावरची नजर एवढंच आहे. तुमची गोष्ट चाचणीत नापास झाली तर तोही एक मार्ग आहे. सगळी काढून टाका आणि बँडच ठेवा.

प्रश्न : विश्लेषणाच्या व्हिडिओ निबंधात मूळ व्हिडिओचे तुकडे वापरले तर कायद्याने चालतं का?
— प्राध्यापिका, नागपूर

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(क) समीक्षा आणि अभ्यासासाठी रास्त वापराला मुभा देतं. तुकडे छोटे ठेवा, प्रत्येकावर तुमचं बोलणं असू द्या, आणि गाणं सलग ऐकू येईल असं करू नका. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा समीक्षा ओळखत नाही, ती फक्त गाणं ओळखते, म्हणून दावा येऊ शकतो. तो आला की तिथेच हरकत नोंदवता येते. वर्गापुरतं दाखवायचं असेल तर अपलोड न करता फाइलच वापरा. आणि ओठांचा किंवा कटाचा मुद्दा मांडायचा असेल तर आवाज नसलेला तुकडा आणि शेजारी तक्ता हे पुष्कळदा जास्त स्पष्ट दिसतं.